अरुंद जिन्याला स्टेअरलिफ्ट: आधी माणूस मोजा, मग जिना

पुणे, नाशिक, ठाण्याच्या बाजूला तीसेक वर्षांपूर्वी बांधलेल्या रो-हाउसची रचना बहुतेक ठरलेली असते. खाली दिवाणखाना आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या आणि मध्ये जेमतेम अडीच-तीन फुटी जिना. घर घेतलं तेव्हा चाळिशीत असलेली माणसं आता सत्तरीत आहेत. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाला पॅरॅलिसिसचा झटका येऊन गेलाय, कुणाला चार पायऱ्यांत धाप लागते. मग वरची खोली बंद पडते, पलंग दिवाणखान्यात येतो आणि जिने आयुष्यभर ते घर चालवलं तिला कपडे बदलायलासुद्धा आडोसा उरत नाही.

माझ्या आईसाठी आम्ही अशाच जिन्यावर स्टेअरलिफ्ट, म्हणजे जिन्याच्या कडेने रुळावर चालणारी खुर्ची, बसवली. त्या निमित्ताने बरेच विक्रेते घरी येऊन गेले, ढीगभर माहितीपत्रकं वाचून झाली. प्रत्येक जण आधी जिन्याची रुंदी विचारतो. ती लागतेच, पण अरुंद जिन्यात खुर्ची चालणार की नाही हे शेवटी बसणाऱ्याच्या गुडघ्यांवर आणि पावलांवर ठरतं. म्हणून मी सांगतोय तो क्रम थोडा उलटा आहे.

१. हे यंत्र काय करतं, काय करत नाही

जिन्याच्या कडेने अ‍ॅल्युमिनियमचा किंवा स्टीलचा रूळ बसतो. तो भिंतीला लागून जातो म्हणून भिंतीत ठोकतात असा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक रूळ छोट्या पायांवर उभे असतात आणि ते पाय पायऱ्यांना बोल्टने आवळलेले असतात. त्यामुळे भिंत कच्ची असली तरी चालतं, पायऱ्या मात्र पक्क्या हव्यात. रुळावरून मोटर असलेला गाडा चालतो आणि गाड्यावर खुर्ची असते. खुर्चीचे हात, बैठक आणि पाय ठेवायची फळी, तिन्ही घडी होतात.

मोटर बॅटरीवर चालते. बहुतेक यंत्रांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळतात आणि घरची वीज फक्त त्या चार्ज करते. त्यामुळे वीज गेली तरी खुर्ची मधेच अडकत नाही. वेग फार कमी असतो. युरोपातलं ईएन ८१-४० हे मानक सेकंदाला १५ सेंटिमीटरच्या वर जाऊ देत नाही. चौदा पायऱ्यांच्या सरळ जिन्याला उतारावरून साधारण सव्वाचार मीटर रूळ लागतो, म्हणजे खुर्चीला जवळजवळ अर्धा मिनिट तरी लागतोच. हा वेळ खालून पाहणाऱ्याला जास्त वाटतो, बसलेल्याला नाही.

आता हे यंत्र काय करत नाही ते. ते व्हीलचेअर वर नेत नाही. माणसाला खुर्चीत बसता आणि खुर्चीतून उठता आलं पाहिजे, फार तर एकाच्या आधाराने. कंबरेत तोल नसेल, बसल्या बसल्या एका बाजूला कलंडायला होत असेल, अचानक चक्कर येत असेल, किंवा स्मृतिभ्रंशामुळे चालत्या खुर्चीतून मधेच उठायचा धोका असेल, तर पट्टा आहे म्हणून ही खुर्ची घेऊ नका. अशा वेळी फिजिओथेरपिस्टला किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला एकदा घरी बोलवा आणि प्रत्यक्ष जिन्यापाशी माणसाला उठबस करायला लावून त्यांचं मत घ्या. दवाखान्यातल्या सपाट फरशीवर जे जमतं ते जिन्याच्या तोंडाशी जमेलच असं नाही.

२. आधी माणूस मोजा

स्टेअरलिफ्टवर माणूस आडवा बसतो. पाठ एका भिंतीकडे, गुडघे समोरच्या भिंतीकडे किंवा कठड्याकडे. म्हणून पुढची मापं आधी घ्या:

- खुर्चीत ताठ बसल्यावर पाठीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर. मोठ्या माणसाचं हे साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर भरतं, उंच माणसाचं जास्त.
- पाठीपासून पावलाच्या टोकापर्यंत, घरात घालतात ती चप्पल घालून.
- बसल्यावर कंबरेची रुंदी.
- वजन. बऱ्याच यंत्रांची मर्यादा १२० ते १६० किलोच्या दरम्यान असते. आपल्या मॉडेलची नेमकी मर्यादा कागदावर बघा.
- गुडघा किती वाकतो. याला फूटपट्टी लागत नाही. नव्वद अंशात बसता येतं की पाय पुढे पसरावा लागतो, एवढं पाहिलं की पुरे.

मग एक सोपी चाचणी करा. दिवाणखान्यातल्या एका मोकळ्या भिंतीपासून जिन्याच्या सर्वांत अरुंद जागेची रुंदी मोजा आणि जमिनीवर खडूने रेघ मारा. भिंतीला लागून रुळाची आणि खुर्चीच्या पाठीची जागा सोडा. ही जागा मॉडेलप्रमाणे बदलते, विक्रेत्याकडून आकडा मिळेपर्यंत १२ सेंटिमीटर धरून चाला. मग त्या अंतरावर पाठ येईल अशी हात नसलेली खुर्ची ठेवा आणि आईला, बाबांना, ज्यांच्यासाठी घेताय त्यांना बसवा. गुडघे आणि पावलं रेघेच्या आत राहिली पाहिजेत, आणि चार बोटं जागा शिल्लक राहिली तर उत्तम.

आमच्याकडे गुडघे आत होते, पण चपलेचं टोक रेघेबाहेर दोन बोटं जात होतं. आईचा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही, त्यामुळे ते पाऊल आपोआप पुढे सरकतं. जिन्याच्या मापावरून कोणत्याही विक्रेत्याला हे कळलं नसतं. त्या दोन बोटांमुळे आमची खुर्चीची निवडच बदलली. ती कशी, ते पाचव्या मुद्द्यात सांगतो.

चाचणीच्या दिवशी रोजचेच कपडे असू द्या. साडी नेसणाऱ्या बाईच्या निऱ्या गुडघ्यांपुढे फुगतात आणि पायफळीवर लोळतात. पंजाबी ड्रेस घालून घेतलेलं माप साडीला लागू पडत नाही.

३. आता जिना मोजा

स्टीलचा टेप घ्या. कापडी टेप ताणला जातो.

रुंदी किमान तीन जागी मोजा: खालची पायरी, मध्य आणि वरची पायरी. जुन्या बांधकामात गिलाव्याची जाडी वरखाली असते आणि इंच-दीड इंचाचा फरक सहज सापडतो. मोजताना भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नका. कठड्याची दांडी आत येते, फरशीची पट्टी आत येते, स्विचबोर्ड, खिडकीची चौकट आणि ग्रिल आत येतात. गुडघ्याच्या उंचीवर काय आडवं येतं ते वेगळं बघा, पावलाच्या उंचीवर काय येतं ते वेगळं.

राष्ट्रीय इमारत संहिता निवासी इमारतीच्या जिन्याला किमान १ मीटर रुंदी सांगते, दुमजली रो-हाउसला मात्र ७५ सेंटिमीटरची सूट देते. या सुटीतूनच आपले अडीच फुटी जिने झाले आहेत. ७५ सेंटिमीटरच्या सरळ जिन्यात बहुतेकांसाठी खुर्ची बसवता येते, पण हातात फारसं काही उरत नाही. त्याहून कमी रुंदी असेल तर साध्या खुर्चीचा विचार सोडून थेट पाचव्या मुद्द्यावर या.

डोक्यावरची उंचीही बघा. बसलेल्या माणसाला सहसा अडचण येत नाही, पण जिन्यावरून माळा काढलेला असेल किंवा तुळई खाली आली असेल तर शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर डोकं आपटू शकतं. पायरीच्या कडेपासून सरळ वर टेप धरा आणि सर्वांत कमी भरेल ते माप लिहा.

मग पायऱ्या. कडप्पा, कोटा, ग्रॅनाईट, मोझॅक, लाकूड यांपैकी काय आहे आणि त्याखाली काय आहे? प्रत्येक पायरीवर नाण्याने टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ वाजली तर फरशी खालच्या सिमेंटपासून सुटलेली आहे आणि ड्रिल लागताच ती तडकणार. कडप्पा पापुद्र्यांचा दगड आहे, कडेजवळ भोक पाडलं तर थर निघतो. आपल्या भरवशाच्या गवंड्याला एकदा दाखवून सुट्या फरशा आधीच पक्क्या करून घ्या. लिफ्ट बसवायला आलेला माणूस ते काम करत नाही, तो भोक पाडून मोकळा होतो. जुन्या वाड्यातला लाकडी जिना असेल तर सुताराकडून वाळवी आणि सांधे तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. लोखंडी गोल जिना असेल तर माझा सल्ला सरळ आहे: स्टेअरलिफ्टचा नाद सोडा आणि खोली खाली आणायचा किंवा छोटी उभी होमलिफ्ट बसवायचा विचार करा.

४. जिना सरळ आहे की वळणाचा?

खर्च आणि वेळ, दोन्हींत सर्वांत मोठा फरक इथे पडतो.

सरळ जिन्याचा रूळ तयार मिळतो. तो हव्या त्या लांबीला कापतात, अर्ध्या दिवसात बसवतात, आणि गरज संपली की काढून दुसऱ्या घरी लावताही येतो. वळणाच्या जिन्याचा रूळ मात्र त्या एकाच जिन्यासाठी वाकवलेला असतो. पायऱ्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवून पुष्कळ फोटो काढतात, त्यावरून संगणकावर जिन्याची आकृती तयार होते आणि रूळ कारखान्यात बनतो. त्यात आठवडे जातात. किंमत सरळ रुळापेक्षा खूप जास्त आणि पुढे विकायला काढलात तर रुळाला गिऱ्हाईक नाही, कारण तो दुसऱ्या जिन्याला बसतच नाही.

आपल्याकडे सरळ जिना क्वचितच असतो. अर्ध्यात लँडिंग आणि तिथून उलट्या दिशेने दुसरा टप्पा, हीच रचना सगळीकडे. तिथे दोन पर्याय असतात.

पहिला पर्याय, प्रत्येक टप्प्याला एक अशा दोन सरळ लिफ्ट. वळणाच्या एका लिफ्टपेक्षा हे स्वस्त पडू शकतं. पण माणसाला लँडिंगवर उठून, वळून, दुसऱ्या खुर्चीत बसावं लागतं. पाऊण मीटरच्या लँडिंगवर एक घडी केलेली खुर्ची, एक उघडी खुर्ची आणि मध्ये काठी घेतलेला माणूस, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. ज्याला उठणं हाच मुख्य त्रास आहे त्याला आपण दुप्पट वेळा उठायला लावतो. धाप लागते म्हणून लिफ्ट घेताय, पाय बरे आहेत, तर हा पर्याय चांगला. गुडघ्यांसाठी घेत असाल तर नको.

दुसरा पर्याय, वळणाचा एकच रूळ. इथे रूळ भिंतीच्या बाजूने न्यायचा की आतल्या कठड्याच्या बाजूने, हा प्रश्न येतो. आतल्या बाजूचा रूळ आखूड होतो, पण लँडिंगवर वळताना पावलं बाहेरच्या भिंतींच्या दिशेने मोठा फेरा घेतात, आणि लँडिंग उथळ असेल तर भिंतीला लागतात. बाहेरच्या बाजूचा रूळ लांब होतो आणि वळणावर पावलं आत, मोकळ्या जागेकडे राहतात. तेव्हा गुडघे कठड्याच्या कोपऱ्याच्या खांबाला लागणार नाहीत ना, एवढं बघायचं. लँडिंगऐवजी वळणावर त्रिकोणी पायऱ्या असतील तर चालणाऱ्यांचा विचार आधी करा. त्रिकोणाचा रुंद भाग बाहेर असतो. तिथून रूळ नेला तर घरच्यांना निमुळत्या टोकावर पाय टाकून उतरावं लागेल आणि एक पडणं वाचवताना दुसऱ्याचं पडणं विकत घ्याल.

५. खुर्चीचा प्रकार आणि रुळाची बाजू

अरुंद जिन्यासाठी खरी निवड इथे आहे. माहितीपत्रकात जागा रंगांना आणि कापडाला जास्त मिळते. त्याकडे लक्ष देऊ नका.

साधी, पण सडपातळ खुर्ची. बैठक थोडी आखूड, पाठ भिंतीला जास्त चिकटून. खडूच्या चाचणीत थोडक्यात बसत असेल तर हीच घ्या. यंत्रणा जितकी साधी तितकी दुरुस्ती कमी.

तिरकी चालणारी खुर्ची. काही मॉडेलांत खुर्ची प्रवासात थोडी वळून राहते, त्यामुळे गुडघे थेट समोरच्या भिंतीवर न येता तिरके राहतात आणि चपलेच्या टोकाची ती दोन बोटं वाचतात. आम्ही हीच घेतली. यात मोटर आणि वायरिंग वाढतं, म्हणून दुरुस्ती करणारा माणूस जवळचा असणं जास्त गरजेचं.

उभ्याने टेकायची बैठक. गुडघा वाकतच नसेल तर उंच, छोट्या बैठकीवर टेकून जवळजवळ उभ्यानेच जाता येतं. याला रुंदी फार कमी लागते, पण डोक्यावर उंची जास्त लागते, आणि पायांत ताकद व अंगात तोल असावा लागतो. दुकानात पाहून मोह होतो. घरातल्या माणसाला त्यावर पूर्ण मिनिटभर टेकून राहता येतं का, ते घड्याळ लावून पाहा.

समोरची कठड्याची दांडी काढून जागा मिळवायची सूचनाही काही विक्रेते करतात. ती सहज मान्य करू नका. रूळ एका बाजूला गेला की त्या बाजूची भिंत धरायला उरत नाही. दुसऱ्या बाजूची दांडीही गेली तर घरातला प्रत्येक जण बिनआधाराचा उतरतो. फार तर जाड लाकडी दांडीच्या जागी भिंतीलगत बसणारी बारीक स्टीलची दांडी लावा. स्विचबोर्ड हलवणं मात्र सोपं आणि स्वस्त आहे, ते खुशाल करा.

रूळ डाव्या बाजूला की उजव्या, हे अर्धांगवायू झालेल्यांसाठी फार महत्त्वाचं. चढताना डाव्या हाताच्या भिंतीला रूळ असेल तर बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताला वरची दिशा येते आणि वर पोचल्यावर खुर्ची डावीकडे वळवून उतरायचं असतं. उजव्या बाजूच्या रुळाला सगळं उलट. ज्या बाजूचा हातपाय चांगला आहे त्या बाजूला वळून उतरणं सोपं जातं. चालवायची कळ कोणत्या हाताखाली हवी तेही सांगा, ती दोन्हींपैकी कुठेही बसवून मिळते. आणि कळ सतत दाबून धरावी लागते, सोडली की खुर्ची थांबते. संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या माणसाला ही कळ दाबायला लावून पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

६. वरचं आणि खालचं टोक

अपघात प्रवासात सहसा होत नाहीत, चढता-उतरताना होतात. म्हणून वरच्या टोकाला दोन गोष्टी मागा. रूळ शेवटच्या पायरीच्या पुढे नेऊन खुर्ची सपाट जागेवर थांबावी, आणि ती तिथे वळून कुलूपबंद व्हावी, म्हणजे खुर्चीची पाठ जिन्याला आड येते आणि तोल गेला तरी माणूस खाली जात नाही. हाताने वळवायची खुर्ची स्वस्त असते, बटणावर वळणारी महाग. खांदे दुखणाऱ्या वृद्ध माणसासाठी बटणाचे पैसे मोजावेत असं माझं मत आहे. पायफळीचंही तसंच, वाकून उचलायची फळी गुडघेदुखीच्या माणसाच्या काय कामाची?

खालच्या टोकाला रूळ पहिल्या पायरीच्या पुढे थोडा येतो. तिथे दार असेल तर दार अडतं, स्वयंपाकघराची वाट असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेच लागते. त्यावर उपाय म्हणून बिजागरीने दुमडणारा किंवा मागे सरकणारा रूळ मिळतो. त्यात हलणारे भाग वाढतात, म्हणून आधी चपलांचं कपाट हलवून, दाराची बिजागरी दुसऱ्या बाजूला लावून काम भागतं का ते बघा.

जवळ अर्थिंग असलेला ५ अँपिअरचा प्लग लागेल. तो वेगळा द्या, मिक्सर किंवा इस्त्रीला कुणी उपटून घेणार नाही अशा जागी.

७. सोसायटीचा सामाईक जिना असेल तर

स्वतःच्या घरातल्या जिन्याचा निर्णय तुमचा. इमारतीचा जिना मात्र सगळ्यांचा असतो आणि आग लागली तर तीच सुटकेची वाट असते. घडी केलेली खुर्चीसुद्धा ३० ते ४० सेंटिमीटर जागा खाते. जिना १ मीटरचा असेल तर साठ-सत्तर सेंटिमीटर उरतात, त्यातून स्ट्रेचर नेणं अवघड होतं. म्हणून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव, लेखी ना-हरकत आणि अग्निसुरक्षेच्या दृष्टीने जाणकाराचं मत हे सगळं हातात असल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. समितीतल्या एखाद्याने तोंडी ‘बसवा हो काका’ म्हटलं, ते धरून चालू नका. पुढच्या निवडणुकीत समिती बदलते. तीन-चार मजली जुन्या इमारतीत अनेक घरांत वृद्ध असतील तर सगळ्यांनी मिळून इमारतीला उभी लिफ्ट बसवण्याचा विषय सभेत आणणं जास्त हिताचं.

८. विक्रेता निवडताना

फोनवर जिन्याचा फोटो मागवून किंमत सांगणारा विक्रेता आम्हाला भेटला. त्याने घरी पाऊलही न टाकता ‘शंभर टक्के बसेल’ असं कळवलं. त्याचं मॉडेल आमच्या जिन्यात गुडघ्याला लागलं असतं. घरी येऊन, माणसाला बसवून मोजतो त्याच्याशीच पुढचं बोला.

नामांकित यंत्रं बरीचशी बाहेरची आहेत. इंग्लंडची स्टॅना १९७५ पासून जिन्याच्या खुर्च्या बनवते, एकॉर्नही तिथलीच. कंपनीचं वय चांगलंच, पण बिघाडाच्या दिवशी तुमच्या दारात येणारा माणूस इथल्या विक्रेत्याचा असतो. म्हणून प्रश्न त्याच्याबद्दल विचारा. तंत्रज्ञ कोणत्या शहरात राहतो? तक्रारीनंतर किती तासांत येईल, आणि करारात ते लिहून देणार का? बॅटरी, सर्किट बोर्ड, चार्जर यांचा साठा भारतात आहे की प्रत्येक वेळी परदेशातून येणार? तुमच्याच भागात तीन-चार वर्षं चाललेली लिफ्ट दाखवता का? शेवटचा प्रश्न टाळला गेला तर तुम्हीही त्या विक्रेत्याला टाळा. जुन्या ग्राहकाच्या घरी गेलात की यंत्र बघा आणि घरच्या सुनेशी किंवा मुलाशी दहा मिनिटं बोला, बिघाडाच्या दिवशी काय झालं ते तेच सांगतील.

परदेशी राहणाऱ्या मुलामुलींना एक सूचना. तिकडची वापरलेली स्टेअरलिफ्ट स्वस्त मिळते म्हणून आईवडिलांसाठी पाठवू नका. अमेरिकेतला चार्जर १२० व्होल्टचा असतो, आपली वीज २३०. इंग्लंडच्या यंत्राचा व्होल्टेजचा प्रश्न नाही, पण ते बसवायला आणि दुरुस्त करायला इथे कुणी हात लावत नाही. त्याच पैशात इथल्या विक्रेत्याकडचा पाच वर्षांचा देखभाल करार भरलात तर आईवडिलांना जास्त उपयोग होईल.

हे कागद मागून घ्या आणि एका फायलीत ठेवा:

- जिन्याचं मोजमाप आणि रुळाचा नकाशा, विक्रेत्याच्या सहीसह. घडी केलेल्या आणि उघडलेल्या खुर्चीची रुंदी त्यात आकड्यात हवी.
- जीएसटी, वाहतूक, बसवणं आणि गवंडीकाम यांत काय धरलंय, काय नाही, याचं वेगवेगळं दरपत्रक.
- ईएन ८१-४० मानकानुसार असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र.
- महाराष्ट्राच्या लिफ्टविषयक कायद्याखाली तुमच्या यंत्राला परवाना किंवा तपासणी लागते का, याचं विक्रेत्याकडून लेखी उत्तर.
- मोटर, बोर्ड, बॅटरी यांची वेगवेगळी वॉरंटी, अनुक्रमांकासह बिल.
- वार्षिक देखभाल कराराची रक्कम आणि पुढच्या वर्षांत ती किती वाढू शकते ते.
- सोसायटीची परवानगी लागू असेल तर ठरावाची प्रत.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता माणूस स्वतः बसून वरखाली करून आल्यावर.

९. बसवण्याच्या दिवशी तपासा

पायफळीच्या आणि गाड्याच्या कडांना स्पर्श कळणाऱ्या पट्ट्या असतात. पायरीवर एक उशी ठेवा, खुर्ची तिला लागताच थांबली पाहिजे. खाली येताना आणि वर जाताना, दोन्ही वेळा करा. खुर्ची उतरण्यासाठी वळवलेली असताना गाडा चालता कामा नये. प्लग बंद करून बॅटरीवर पूर्ण फेरी मारा. वरून आणि खालून बोलावायचे रिमोट तपासा. किल्ली कुठे फिरवायची ते घरातल्या दोघांना तरी शिकवून घ्या, म्हणजे सुट्टीत नातवंडं आली की यंत्र बंद ठेवता येईल. मधेच थांबली तर माणसाला खाली कसं आणायचं, हे तंत्रज्ञाकडून प्रत्यक्ष करून घ्या आणि मोबाइलवर चित्रित करून ठेवा.

मग ज्यांच्यासाठी घेतली त्यांना बसवा, पट्टा लावा आणि पहिल्या काही दिवसांत शेजारून एक-दोन पायऱ्या खाली राहून चाला. आई पहिल्या वेळी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसली होती आणि कळ दाबायलाच विसरली. घाई करू नका.

१०. रोजच्या वापरात

आपल्याकडे जिना बादलीभर पाणी टाकून धुतात. ते आजपासून बंद. रुळाच्या पायांत पाणी साचलं की बोल्ट गंजतात, गाड्यात गेलं तर बोर्ड जातो. पिळून घेतलेल्या फडक्याने पायऱ्या आणि कोरड्या फडक्याने रूळ. कामाला येणाऱ्या ताईंना हे स्वतः दाखवून सांगा. रुळाला घरातलं तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर धूळ बसून रुळाचे दात झिजतात.

पदर कमरेला खोचून, निऱ्या गुडघ्यांत धरून बसायचं. धोतराचा सोगा, ओढणी, गाऊनचा पट्टा, काहीच रुळाच्या बाजूला लोंबता कामा नये. दिवाळीत पायऱ्यांवर पणत्या मांडायची हौस असेल तर रुळाच्या बाजूची कड सोडून मांडा.

खुर्ची नेहमी वरच्या किंवा खालच्या टोकाला, चार्जिंगच्या जागीच ठेवा. मधे राहिली की बहुतेक यंत्रं बीप करत राहतात, तो आवाज दुर्लक्षून झोपू नका. गावी जाताना मेन स्विच बंद करायची आपली सवय असते. आठ-पंधरा दिवस चार्जिंग बंद राहिलं तर बॅटऱ्या उतरतात आणि परत आल्यावर दमलेल्या आईला खाली बसून राहावं लागतं. म्हणून स्टेअरलिफ्टच्या प्लगला वेगळा एमसीबी लावून घ्या, बाकी सगळं बंद करा आणि तो चालू ठेवा. लांबच्या प्रवासाला जाणार असाल तर यंत्र कसं बंद करायचं ते तंत्रज्ञाला विचारून घ्या. बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्याच लागतात. खुर्ची चढावर मंद व्हायला लागली की ती वेळ आली असं समजा आणि पावसाळा तोंडावर येण्याआधी बदलून टाका.